दोन वह्या शेजारी ठेवून वाच

प्रिय मित्रा,

अठराव्या शतकातल्या अमेरिकेतले कडक धर्मनिष्ठ प्युरिटन ख्रिस्ती आणि तर्काला प्रमाण मानणारं प्रबोधन यांवरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा वाचला. ‘प्युरिटन म्हणजे भीती आणि प्रबोधन म्हणजे बुद्धी’ असा निकाल तू दुसऱ्याच परिच्छेदात देऊन टाकला आहेस. पुढची सगळी पानं त्याच निकालासाठी पुरावे गोळा करतात. हे मला मनापासून खटकलं, कारण तुझी वाचनाची तयारी यापेक्षा मोठी आहे.

जोनाथन एडवर्ड्स या प्युरिटन धर्मोपदेशकाचं एनफिल्ड गावातलं १७४१ सालचं प्रवचन घेतलंस, ते घ्यायलाच हवं. नरकाच्या आगीवर एखाद्या कोळी-किड्यासारखा देवाने धरलेला माणूस एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. पण एडवर्ड्स तेवढाच नाही. हा माणूस तत्त्वज्ञ लॉक आणि शास्त्रज्ञ न्यूटन वाचून वाढलेला होता. विशीच्या सुमारास त्याने स्वतःसाठी सत्तर संकल्प लिहून काढले, आणि ते दर आठवड्याला वाचायचे असं स्वतःला बजावलं. आरंभीच त्याने कबुली दिली आहे की देवाच्या साहाय्यावाचून आपल्या हातून काहीच होणार नाही.

आता या संकल्पांच्या वहीशेजारी प्रबोधनाच्या बाजूचा मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याचं आत्मचरित्र उघड. त्याचीही एक वही आहे. तेरा सद्गुण, लाल शाईने आखलेले सात वारांचे रकाने, चूक झाली की काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांवर तक्ता आखला आणि पेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसू लागला. या पुसण्याकडे नीट बघ. एडवर्ड्सच्या लेखी चूक म्हणजे मुळातच बिघडलेल्या अंतःकरणाची खूण. ते बदलायचं तर देवाची कृपाच हवी. फ्रँकलिनच्या लेखी ती सवयीतली उणीव, सरावाने कमी होणारी. तरीही त्या वहीत त्याने देवाची प्रार्थना लिहिलीच आहे. म्हणजे स्वतःचा हिशेब ठेवण्याची शिस्त दोघांचीही एकच. सुधारणा कोण घडवतं, यावर ते वेगळे होतात. माझ्या मते तुझ्या निबंधाचा गाभा इथे आहे.

आणि १७२१ ची बॉस्टनमधली देवीची साथ वगळू नकोस. देवी टोचून घ्या, असा आग्रह धरणारा कॉटन मॅदर हा प्युरिटन धर्मोपदेशक होता. ही पद्धत त्याला सांगितली ती त्याच्या घरातल्या ओनेसिमस या आफ्रिकी गुलामाने. विरोध करणाऱ्यांत होतं बेंजामिनच्या थोरल्या भावाचं, जेम्स फ्रँकलिनचं वर्तमानपत्र, आणि त्याच छापखान्यात धाकटा बेंजामिन उमेदवारी करत होता. तुझ्या दोन कप्प्यांत ही घटना बसवून दाखव बरं.

थॉमस पेनवर मात्र घाई करू नकोस. ‘माझं मन हेच माझं चर्च’ म्हणणारा पेन फ्रँकलिनपेक्षा कितीतरी तिखट आहे. त्याला एका ओळीत उरकणं अन्यायाचं होईल. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं तोच हा पेन, म्हणून आपल्याकडे तो हक्कांवर लिहिणारा एवढाच, अर्धाच ओळखला जातो. त्याची धर्मचिकित्सा ‘द एज ऑफ रीझन’मध्ये वाच.

तेव्हा दुसरा परिच्छेद काढून टाक. त्या जागी या दोन वह्या मांड, दोघांचे उतारे दे, आणि निष्कर्ष त्यानंतरच लिही. फक्त तेवढी दोन पानं आधी पाठव, बाकीचं नंतर बघू.

तुझा,
सर