सात वर्षांच्या पोराला जंगली प्राण्यांचं कोणतं नवल सांगू?

तुम्ही लिहिलंय की पोरगा रोज झोपताना एका प्राण्याचं नवल मागतो, अन् सिंह, हत्ती, जिराफ सगळे सांगून संपले. मग सायाळ सांगा. तुमच्याकडे साळिंदर म्हणत असतील. फक्त ती बाणासारखे काटे फेकून मारते हे चुकूनही सांगू नका, त्या एका वाक्यापायी मी पाचवीत छड्या खाल्ल्या आहेत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून लांब नाही. दिवाळीच्या आधी भुईमूग निघायच्या बेताला आबाजी वावरात जागलीला जायचे, मी अन् आमचा मोत्या कुत्रा सोबत. एका रात्री धुऱ्याकडून खडखड आवाज आला. सायाळीच्या शेपटीचे काटे पोकळ असतात, हलवले की खुळखुळ्यासारखे वाजतात, म्हणजे आधी इशारा देते बिचारी. मोत्या कशाचा ऐकतो, लागला मागं, अन् सायाळ पळता पळता एकदम थांबली अन् रिव्हर्स गिअर टाकल्यासारखी उलटी मागं आली. मोत्या सरळ तिच्यावर जाऊन आदळला. थोबाडात अन् छातीत मिळून सात काटे. मी बॅटरी धरली, आबाजींनी पकडीनं एकेक उपसला. फेकणंबिकणं काही नाही, मी समोर उभा होतो.

त्याच महिन्यात सहामाहीत प्रश्न आला, साळिंदर स्वतःचं रक्षण कसं करतं? मी लिहिलं, उलटी पळते अन् काटे टोचवते. शून्य मार्क. सरांना 'काटे फेकून' पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक काटा घेऊन गेलो तर सर म्हणाले, "मंग हा कुत्र्याच्या अंगात चालत गेला काय बे?" मी म्हटलं, "नाही सर, कुत्रा चालत आला काट्यापाशी." सगळी पोट्टी हसली. उलट उत्तर दिलं म्हणून दोन छड्या.

काटा म्हणजे कडक झालेला केस हो, आपली नखं ज्या केराटिनची तेच. भ्यायली की कातडीखालचे स्नायू आखडून काटे उभे राहतात, आपल्याला शहारे येतात तसंच. झटकताना ढिले काटे गळतात अन् बघणाऱ्याला वाटतं फेकले. गेलेले परत उगवतात. काटे रुतून वाघ-बिबटसुद्धा लंगडे होतात. पोराला सगळ्यात जास्त आवडेल ते म्हणजे ती हाडं अन् सांबराची गळलेली शिंगं बिळाकडे ओढून नेते अन् कुरतडत बसते. उंदराच्याच कुळातली ना, दात जन्मभर वाढतात, झिजवावे लागतात, वरून कॅल्शियम मिळतं.

बाकी रात्रींसाठी: आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी ओढतं. रानकुत्रे एकमेकांना शिट्टी मारून बोलावतात. वाघाचे पट्टे केसांखाली कातडीवरही असतात. अन् आमच्या टिपेश्वरात जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर, गळ्यात ठावठिकाणा सांगणारी रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. जिराफ कशाला पाहिजे तुम्हाला?

अन् तुमच्या पोराच्या शाळेत कोणी काटे फेकायला लावत असेल तर जा अन् तोंडावर विचारा, पाहिलं का तुम्ही म्हणून. सगळेच मास्तर तसे नसतात, आमच्या सरांनी गणित मात्र झकास शिकवलं. आणखी एक, जंगलात काटा सापडला तर घरी आणू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, फुकटची भानगड. आम्ही तेव्हा पोरं होतो.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात सर पंगतीला माझ्या शेजारीच बसले. रिटायर झाले आता. मी विषय काढलाच. म्हणाले, "अजून तेच धरून बसला काय रे?"

हाव म्हटलं सर, अन् तो काटा तुम्ही जप्त केला होता, तो बी परत दिला नाही.