बोलू न शकणाऱ्या मुलीची प्रथम कम्युनियनची (ख्रिस्तशरीर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या संस्काराची) तयारी कशी करून घ्यावी? तिला काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सीमुळे चालत-बोलत नाही, आणि फादरांनी तिची तयारी तुमच्यावर सोपवलीय. मी वसईकडच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) काही वर्षं अशा मुलांचा रविवारचा वर्ग घेते, म्हणून लिहितेय.

‘कळेल का’ हा प्रश्न सुरुवातीला मीही प्रत्येक आईला विचारायचे. आता विचारत नाही. आठ वर्षांच्या धडधाकट पोरांना तरी कुठे सगळं कळतं? प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणतात आणि पांढऱ्या कपड्यांत फोटो काढून मोकळी होतात.

चर्चचा नियम तुमच्या भीतीपेक्षा पुष्कळ सैल आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी 1995 साली याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ख्रिस्तशरीर (मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर) आणि रोजचं खाणं यांतला फरक मुलाला ओळखता आला की पुरे, आणि ती ओळख शब्दांतच दिसायला हवी असं नाही. हावभावातून, नुसत्या शांत होण्यातून दिसली तरी चालते, असं त्यांत म्हटलंय. व्हॅटिकनच्या 2020च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेतही अपंग व्यक्तींना संस्कार नाकारता येणार नाहीत हे स्पष्ट आहे. कुणी काकू ‘हिला कशाला?’ म्हणाल्या, तर हे सांगा.

माझ्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. डोळे वर नेले की ‘हो’, हे त्याच्या आईने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. आम्ही दोन महिने एकच गोष्ट केली. टेबलावर मेणबत्ती, पांढरं कापड, मग दोन बशा: एकीत ग्लुकोज बिस्किट, दुसरीत साधी, मिस्सेत न ठेवलेली होस्ट, म्हणजे कम्युनियनची पातळ चकती. बिस्किट पुढे आलं की स्वारी हसायची, लाळेरं ओलं. होस्टची बशी आली की तोंड मिटून मेणबत्तीकडे बघायचा. दर रविवारी तेच. फादर एकदा येऊन बसले, दहा मिनिटं बघितलं आणि तारीख देऊन गेले.

तारीख ठरली, पण मिस्सेत वाजणाऱ्या घंटीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. त्या दिवशी ती वाजली आणि त्याचं अख्खं अंग दचकून ताठ झालं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांचं अचानक आवाजाने असं होतं. तुम्ही आधीच घंटी वर्गात आणून हळू वाजवून सवय करा, नाहीतर त्या दिवशी घंटीच नको म्हणून सांगा. फिट येत असतील तर धूप आणि फोटोवाल्याच्या फ्लॅशबद्दलही आईला विचारून ठेवा.

आणखी एक चूक माझीच. एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी सगळ्यांसमोर ‘प्रभू, हिला बरं कर’ अशी प्रार्थना केली. आई नंतर बाहेर म्हणाली, “बाई, ती आजारी नाहीये.” बायबलमधला बार्तीमय तर उघड उघड आंधळा होता, तरी येशूने आधी त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? मी विचारलं नव्हतं. शिवाय या आयांनी ‘कुणाच्या पापाचं फळ’ हे नातेवाइकांकडून इतकं ऐकलेलं असतं की आपल्या भल्या प्रार्थनेतही त्यांना तेच ऐकू येतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता. येशूचं उत्तर होतं, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

मुलीबरोबर एकट्याने बसू नका, आई किंवा दुसरी शिक्षिका हवीच. तुमच्यावर संशय म्हणून नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसोबत एका घरात राहण्याची लार्श ही चळवळ ज्यांनी 1964 मध्ये फ्रान्समध्ये सुरू केली, त्या जाँ व्हानिए यांना लोक संत मानायचे. त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं 2020 मध्ये लार्शनेच जाहीर केलं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण नुसत्या भल्या नावावर कुणालाच मोकळं सोडू नये हे मी तेव्हापासून धरून आहे.

राहता राहिलं गिळणं. होस्टचा अगदी कण पुरतो. तोही घशात अडकत असेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं, चर्चच्या कायद्यात तशी सोय आहे. चमच्याच्या टोकावरचा थेंबही चालतो. म्हणून पहिल्या भेटीला पुस्तक नेऊ नका. तिच्या जेवणाच्या वेळेला जा, आणि आई मान कशी धरते, चमचा कुठल्या बाजूने देते, पुढच्या घासाआधी किती थांबते ते बघून घ्या.