इंदूरजवळ दहा गायींचा गोठा काढायचा आहे. फायदा व्हावा आणि पर्यावरणही सांभाळले जावे, तर जात कोणती घ्यावी आणि गोठ्याची जमीन सिमेंटची करावी का?

जातीबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सिमेंटबद्दल लिहितो, कारण याच सिमेंटवरून आमच्या घरी सहा वर्षे रोज जेवणाच्या पानावर वाद वाढला जात होता.

इंदूरजवळच्या सांवेरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि तिथे माझे मोठे काका आठ संकरित गायी सांभाळत. गावात पहिला पक्का गोठा आपला असावा या हौसेने त्यांनी घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची जमीन करून घेतली, मागे नाली काढली आणि ती ओढ्याकडे सोडून दिली. रोज सकाळी पिंपभर पाण्याने गोठा धुतला जाई आणि गोमूत्र ओढ्याला मिळे. तेच काका पेरणीनंतर युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीच्या रांगेत उभे राहत. जनावराच्या मूत्रात असतो तो युरियाच. नालीतून फुकट घालवलेली वस्तू रांगेत उभे राहून विकत आणायची, हा व्यवहार मला कधी उमगला नाही.

निदान इंदूरच्या माणसाला तरी हे सांगावे लागू नये. 1924 साली येथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्या साथीने कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. तिचे मर्म गोठ्याच्या जमिनीत आहे. गायी मातीवर बांधायच्या, मूत्र शोषलेली ती माती अधूनमधून खणून काढायची, शेण आणि राख यांच्यासह पिकांच्या काडीकचऱ्याच्या थरांवर पसरायची आणि तिच्या जागी कोरडी माती भरायची. ढीग वेळोवेळी उलटा-पालटा केला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हे काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या साहेबाच्या काळात गायी दोन लिटर दूध देत होत्या.”

वादाचा निकाल मात्र खताने लागला नाही, एका गायीने लावला. काकांची सर्वांत लाडकी पहिलारू गाय विऊन वर्ष उलटले तरी गाभण राहीना. पशुवैद्यांनी तपासले, गर्भाशय निर्दोष होते. माजच, म्हणजे दर एकवीस दिवसांनी येणारी गाय फळवण्याची वेळच, कोणाला दिसत नव्हती. एका रात्री मी मुद्दाम गोठ्यात झोपलो. पहाटे दोनच्या सुमारास तिचे दावे सुटले आणि तिने शेजारच्या गायीवर चढण्यासाठी पुढचे पाय उचलले. त्याच क्षणी मागचे खूर त्या गुळगुळीत जमिनीवरून सरकले आणि ती धडपडत बाजूला झाली. त्यानंतर तासभर ती जागची हलली नाही. घसरण्याची धास्ती घेतलेली गाय माजावर असली तरी तो दाखवत नाही, आणि एक माज हुकला की एकवीस दिवसांचा चारा वाया जातो.

मी गोठ्यामागे कच्च्या जमिनीवर तारेचे कुंपण घालून गायी तिथे मोकळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दुसरी गाय अंगावर चढली असता तीच गाय शांत उभी राहिली; माजाची हीच पक्की खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन केले आणि ती गाभण राहिली. काकांनी चूक कबूल केली नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात कुंपण स्वतःहून वाढवून घेतले.

आपण पर्यावरणाचाही उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो की फायदा आणि पर्यावरण हे इथे दोन विषय नाहीत. भाकड गाय चारा खाते आणि ढेकरेतून मिथेनही सोडते, फक्त दूध देत नाही. म्हणून विकणाऱ्याला ‘किती लिटरची’ असे विचारण्यापूर्वी मागच्या दोन वेतांच्या, म्हणजे विण्याच्या, तारखा विचारा. दोन वेतांत तेरा-चौदा महिन्यांचे अंतर असेल तर दोन लिटर कमी देणारी गायही खुशाल घ्या. जातीचे विचाराल, तर माळव्यातला मे महिना लक्षात ठेवून होल्स्टीन या थंड मुलखातल्या दुधाळ विदेशी जातीचे रक्त निम्म्याच्या फार पुढे नेऊ नका.

आता जे आधीच सांगायला हवे होते ते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात रबरबते आणि त्या चिखलात बसलेल्या गायीला कासदाह (कासेची सूज) झाला, तर वर लिहिलेला सगळा फायदा औषधात जाईल. मोकळ्या जागेत मुरूम टाकून उतार द्या, काही भागावर पत्रा घाला आणि विहिरीपासून ती लांब ठेवा. धार काढण्याची जागा मात्र पक्कीच हवी, याबाबतीत काका बरोबर होते. फक्त सिमेंट ओले असतानाच त्यावर सळईने चौकटी पाडून घ्या. एवढे त्यांनी केले असते तरी ती गाय घसरली नसती.