कोंबड्यांना ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या दिल्याने आतड्यातले जिवाणू बिघडतात का?

दापोलीकडे 20 गावठी कोंबड्या आहेत, सुकट परवडेना म्हणून अळ्या सुरू केल्या आणि आठवड्यात शीट काळपट-चिकट दिसायला लागली, असं तुम्ही लिहिलंय. जिवाणू बदललेत हे नक्की, पण बिघडलेत असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

आधी शीट नीट बघा. साधारण दर आठ-दहा वेळांतून एकदा कोंबडी चॉकलेटी, लापशीसारखी, उग्र वासाची शीट टाकते. ती आंधळ्या आतड्याच्या दोन नळ्यांतून येते आणि तिच्यावर नेहमीची पांढरी टोपी नसते. हा जुलाब नव्हे, उलट त्या नळ्या चालू असल्याची खूण आहे. तीच शीट पिवळी आणि फेसाळ झाली तर तिथलं आंबणं बिघडलंय, अळ्या निम्म्यावर आणा. नारिंगी किंवा रक्ताची दिसली तर रक्ती हगवणीची शंका घ्या आणि पशुवैद्यकाला दाखवा; पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेला भुसा (लिटर) ओला राहिला की ती हमखास येते, तिचा अळ्यांशी संबंध नसतो.

अळीतल्या दोन गोष्टी जिवाणूंवर काम करतात. पहिली कायटिन, म्हणजे कवचाचा चिवट भाग. कोंबडीच्या जठरात ते तोडणारं विकर असतं, पण सगळं तुटत नाही. उरलेलं आंधळ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर पोसतात. दुसरी गोष्ट लॉरिक आम्ल. अळीच्या चरबीत तेच सगळ्यात जास्त असतं आणि ते क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंना दाबतं. साल्मोनेला किंवा ई. कोलायवर मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडचं बघा. जवळा आणि कोळंबीच्या टरफलांत कायटिनच असतं, खोबरेल तेलात लॉरिक आम्लच. जवळा आणि खोबऱ्याची पेंड खाणाऱ्या कोंबडीला अळी अगदी परकी नाही. त्यामुळे पेंड चालू असेल तर अळ्यांबरोबर ती थोडी कमी करा, नाहीतर खाद्यातली चरबी फार वाढते आणि शीट तेलकट, पातळ होते. खारवलेली सुकटही अजून देत असाल तर पाणचट शीट मिठामुळे असू शकते.

प्रमाणावर सगळं अवलंबून आहे. इटलीत ब्रॉयलरना चरबी काही प्रमाणात काढलेलं अळीचं पीठ 5, 10 आणि 15 टक्के देऊन पाहिलं. 5 टक्क्यांवर उपयोगी जिवाणू आणि अस्तरावरचा संरक्षक श्लेष्मा वाढला. 15 टक्क्यांवर जिवाणूंची विविधता घटली आणि श्लेष्मा खाणारे जिवाणू माजले. म्हणून मी 5 टक्क्यांवरच राहायला सांगेन. कोंबडीमागे रोज 100 ग्रॅम खाद्य धरलं तर तुमच्या 20 कोंबड्यांना 100 ग्रॅम सुक्या किंवा साधारण 300 ग्रॅम ताज्या अळ्या होतात. एकदम सुरू करू नका. पहिले चार दिवस याच्या तिसऱ्या हिश्शाने द्या आणि दहा दिवसांत पूर्ण मापावर या. जिवाणूंना जुळवून घ्यायला एवढा वेळ लागतोच.

पाकिटावर 40 टक्के प्रथिनं लिहिलेली असली तरी तेवढी धरू नका. नायट्रोजनला 6.25 ने गुणून तो आकडा काढतात आणि त्यात कायटिनचा नायट्रोजनही मोजला जातो. अळीसाठी 4.76 हा गुणक जास्त बरोबर, म्हणजे 40 चे साधारण 30 उरतात. मेथिओनिन हे प्रथिनांतलं गरजेचं अमिनो आम्लही मासळीपेक्षा कमी पडतं, त्यामुळे सुकट पूर्ण तोडलीत तर पिसं टोचणं सुरू होऊ शकतं. थोडी सुकट राहू द्या. अळीत कॅल्शियम भरपूर असतं. अंड्यावरच्या कोंबड्यांना ते चालतं, पण पिल्लांना अळ्या देत असाल तर शिंपल्यांचा चुरा त्यांच्यापासून लांब ठेवा, मूत्रपिंडावर ताण येतो.

अळ्यांना काय खायला घालता तेही बघा. काजूची बोंडं, फणसाची सालं, कोंडा, खोबऱ्याचा चोथा उत्तम. ओल मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल इतकीच हवी. अळ्या काढल्यावर धुऊन एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घाला आणि लगेच वाळवा. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, म्हणून ओलसर ढीग रात्रभर ठेवू नका. जून ते सप्टेंबर उन्हाच्या भरवशावर वाळवणं जमत नाही; बुरशी धरते, चरबी खवट होते. त्या दिवसांत जेवढ्या लागतील तेवढ्याच रोज उकळून द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: मेलेली कोंबडी किंवा कुजकी मासळी टांगून त्यातले किडे कोंबड्यांना खाऊ घालणं. त्यात बोट्युलिझमचं विष साठतं. मान लुळी पडलेली कोंबडी दिसली तर त्याच क्षणी किडे-अळ्या बंद करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.