हेवी लायसन्स हातात असताना ट्रान्सपोर्टवाले पुन्हा टेस्ट का घेतात?

तुम्ही लिहिलंय की वय 22, एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स आहे, मामांच्या ट्रान्सपोर्टमध्ये ट्रकवर बसायचंय. हेवी किती दिवसांत निघतं, आणि ते निघाल्यावरही मालक लोक वेगळी टेस्ट का घेतात, सरकारी लायसन्सवर विश्वास नाही का?

नाही. माझा तरी नाही.

आधी तुमचं काम उरकते. एलएमव्हीला वर्ष झालेलं हवं, वय वीस पूर्ण हवं, ते तुमचं आहेच. हेवीसाठी ट्रान्सपोर्ट वर्गाचं लर्निंग काढायचं, तीस दिवस थांबायचं, मग टेस्ट. मेडिकलचा फॉर्म 1ए लागतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म 5. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. मुदत पाच वर्षं, पूर्वी तीन असायची. आणि मामांच्या गाड्या मालासकट साडेसात टनांच्या आतल्या असतील, म्हणजे छोटा हत्ती किंवा चारशे सात, तर हेवीची गरजच नाही, एलएमव्ही चालतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय.

आता टेस्टचं.

इंदूरला देवास नाक्यावर आमचं ट्रान्सपोर्ट आहे. पाच गाड्या, एक ऑफिस, एक मुनीम. सासऱ्यांनी सुरू केलेलं. 2011 मध्ये हे गेले, तेव्हापासून मी आणि धाकटे दीर मिळून बघतो. भावजींकडे भाडं आणि पार्ट्या, म्हणजे माल देणारी गिऱ्हाइकं, माझ्याकडे हिशेब आणि ड्रायव्हर. तेव्हा नाक्यावर सगळे म्हणायचे, रामबागेतल्या घरातून उठून आलेल्या बाईला गाडीतलं काय कळतं. भावजी तोंडावर म्हणायचे नाहीत, पण हसायचे. म्हणून 2014 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी स्वतः हेवी काढलं.

ते कसं निघालं ते ऐका, म्हणजे माझा विश्वास का नाही ते कळेल. नियमाने स्कूलने तीस दिवस शिकवायचं असतं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर पंधरा तास द्यायचे असतात. मला मिळाले जेमतेम चार. बाकीचे दिवस स्कूलवाला म्हणायचा, "भाभीजी, आप तो मालिक हो, आपको कौनसी चलानी है." टेस्टच्या दिवशी मैदानात एक रिकामी सहाचाकी उभी होती. पन्नासेक फूट पुढे, थोडी मागे, उतरा. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. 1994 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात मध्यम आणि जड असे वेगळे वर्ग उरलेले नाहीत, सगळं एकच, ट्रान्सपोर्ट व्हेइकल. म्हणजे त्या पन्नास फुटांच्या जोरावर पंचवीस टनांची भरलेली दहाचाकी घेऊन मी घाट उतरले असते तरी कायद्याची हरकत नव्हती. मी घरी येऊन ते कार्ड देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्यात जुन्या उस्तादाच्या शेजारी बसून खरं शिकायला लागले. धुळ्यापर्यंत चार खेपा केल्या. रात्री ढाब्यावर बाई बघून लोक चहा ओतायचे विसरायचे.

तेव्हापासून आमच्याकडे माझी टेस्ट आहे. मी काही विचारत नाही, फक्त किल्ली देते आणि बघते. किल्ली मिळाल्यावर माणूस सरळ वर चढतो की आधी गाडीला प्रदक्षिणा घालतो? टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाज ऐकतो का? ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्या हवेच्या टाकीचा कॉक उघडून पाणी काढतो का? चालू केल्यावर हवा पूर्ण बनेपर्यंत थांबतो, की बझर वाजत असतानाच हलवतो? गोदामात मागे घेताना खलाशाला, म्हणजे गाडीवरच्या मदतनीसाला, उतरवतो का? चालवणं त्यानंतर.

2019 च्या जानेवारीत एक पोरगा आला. भावजींच्या एका पार्टीच्या ओळखीतला. हेवी लायसन्स सहा वर्षं जुनं, एकही खोट नाही. गाडीला प्रदक्षिणा घातली नाही, ते मी एकदा माफ करते. बायपासवर नेलं. हात साफ होता, खोटं कशाला बोलू. गाडी एका पुलावरून उतरायला लागली तसं त्याने दोन बोटांनी गिअरची दांडी अलगद न्यूट्रलला आणली, कोपर खिडकीत टेकवलं आणि माझ्याकडे बघून हसला. "डीज़ल बचता है, भाभी."

मी त्याला नापास केलं.

भावजी भडकले. "वहिनी, सगळेच उतारावर न्यूट्रल मारतात. लायसन्स आहे ना त्याच्याकडे? तुम्ही काय आरटीओपेक्षा मोठ्या?" मी म्हटलं, डिझेलसुद्धा वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनात डिझेल जायचं थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिन गाडीला धरून ठेवायचं सोडतं, इंजिनाच्या जोरावर वेग धरणारा एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखा, सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर. भावजी म्हणाले, पुस्तकातलं बोलू नका. आणि मी नागपूरला भाच्याच्या मुंजीला गेले असताना त्यांनी त्याला दहाचाकीवर बसवलं.

मुंबईकडे सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, भरून निघाला. मानपूरच्या पुढे माळवा संपतो आणि रस्ता निमाडात उतरतो, तिथे गणेश घाट आहे. आमच्या धंद्यातल्या कुणालाही त्या उतरणीचं नाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. इतक्या गाड्यांचे ब्रेक तिथे फेल झाले की शेवटी त्या उतारासाठी वेगळा रस्ता काढला, 2024 मध्ये सुरू झाला. आमच्या वेळी तो नव्हता.

रात्री साडेअकराला फोन आला. मी आणि भावजी कारने निघालो, महूपर्यंत एक अक्षर बोललो नाही. पोचलो तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला टेकून उभी होती, केबिन एका अंगाने दबलेली, डीओसीची पोती रस्त्यावर. पोरगा बसून होता, खरचटलं होतं एवढंच. खलाशाचं गळ्याचं हाड मोडलं होतं. एकोणीस वर्षांचा तो, आईला कळवू नका म्हणत होता. तोपर्यंत ब्रेकचे ड्रम निवले होते, पण लायनर जळल्याचा वास अजून येत होता. टॉर्च मारली तर ड्रम निळे पडलेले. मी केबिनमध्ये हात घालून दांडी हलवली. सैल. न्यूट्रल.

भावजींचं म्हणणं, ठोकल्यावर त्याने न्यूट्रल केली असेल. आजही तेच म्हणतात. आणि विम्याचे पैसे मिळाले, कारण लायसन्स खरं होतं, वर्ग बरोबर होता. "बघा वहिनी, कंपनीनेसुद्धा लायसन्सच बघितलं."

म्हणून एका वकिलांना विचारून ठेवलंय. 2003 मध्ये बनावट लायसन्सच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हर ठेवताना मालकाने आरटीओत जाऊन चौकशी करायची गरज नाही, पण लायसन्स बघावं आणि तो चालवतो कसा हेही बघावं. "चालवतो कसा", भावजी. हे दिवाळीला त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चिवडा घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तर मालक टेस्ट घेतो ते यासाठी. लायसन्स सांगतं की तुम्हाला गाडी चालवायला मनाई नाही. भरलेली गाडी पाच नंबरात सुटली की पुन्हा तिसऱ्यात बसत नाही, घाट सुरू होण्याआधीच बसवावी लागते, हे त्या कार्डावर कुठे नसतं. 2021 पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचे नियम आलेत, हेवीचा कोर्स सहा आठवडे, 38 तास, पास झालं की आरटीओची टेस्ट माफ. जवळपास असेल तर तिथूनच करा, माझ्यासारखं पन्नास फुटांवर काढू नका. सगळे इन्स्पेक्टर सारखे नसतात हेही लिहायला हवं. नंतर आमच्या दोन ड्रायव्हरांची टेस्ट एका साहेबांनी कडक घेतली, एकाला परत पाठवलं.

आणि एक राहिलं. लिहू की नको असं झालं होतं. त्या गाडीचे मागचे लायनर बदलायला मिस्त्रीने डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. ते बिल मी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं, हिशेब माझ्याकडे होता ना. भावजींना हे माहीत आहे. भांडणात त्यांनी ते एकदाही काढलेलं नाही.

मामांच्या गाडीवर बसाल तेव्हा पहिल्या दिवशी लायनरचं शेवटचं बिल बघायला मागा. मामा रागावतील. तरी मागा.