कोल्हापूरहून फॅमिलीला घेऊन जंगलातले गरुड बघायला कुठं जावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या सुट्टीत आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आई बरोबर घेऊन दोन-तीन दिवसांत गरुड कुठं बघायला मिळतील, पिंजऱ्यातले नकोत, जंगलातले पाहिजेत. सरळ सांगतो. दाजीपूरला जावा, एक मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी तिथनंच फोंडा घाट उतरून कणकवलीवरनं मालवण गाठा. एकाच रस्त्यावर जंगलातले गरुड पण होतात आणि समुद्रावरचा पण होतो, आणि आईंना चालायला जवळजवळ लागतच नाही, कारण गरुड बघायचं काम हे चालायचं नाहीच आहे, बसायचं आहे.

हे मला कळायला एक अख्खी ट्रिप वाया गेली. पहिल्यांदा आम्ही पहाटे उठून, पोरांना गाडीत झोपेतच घालून, दिवस उगवायच्या आत दाजीपूरच्या गेटवर हजर झालो. गवे दिसले, शेकरू दिसला, गरुड एक पण नाही, आणि नऊ वाजता पोरं कंटाळली म्हणून परत फिरलो. नेमकं तेव्हाच गरुड उठायची वेळ होत होती. हा मोठा अंगाचा पक्षी आहे, नुसते पंख मारून दिवसभर उडणं त्याला परवडत नाही, त्यामुळं ऊन पडून कातळ आणि डोंगरउतार तापेपर्यंत तो झाडावर बसून राहतो, आणि एकदा खालची हवा तापून वर चढायला लागली की त्या हवेवर पंख पसरून गोल गोल फिरत वर जातो. साधारण नऊ-साडेनऊ ते साडेअकरा हा टाईम. म्हणजे सकाळची सफारी गव्यांसाठी करा, नाष्टा करा, आणि गरुडासाठी त्यानंतर दरी किंवा पाणी समोर दिसेल अशा मोकळ्या जागेला जाऊन बसा. आईंसाठी फोल्डिंगची खुर्ची टाका डिकीत. भडंग, पाणी, टोप्या घ्या आणि कमीत कमी एक तास तिथनं हलू नका.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्याचाच भाग. 1958 ला हे गव्यांसाठी राखलं गेलं, 1985 ला वाढवलं, आता साधारण 351 चौरस किलोमीटर आहे, आणि 2012 ला पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशात घेतली त्यात हे आहे. कोल्हापुरातनं राधानगरी पन्नासेक किलोमीटर आणि तिथनं पुढं दाजीपूर तीसेक. राधानगरी सोडली की शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे लक्ष्मी तलाव, रस्त्याच्या कडेनं दिसत राहतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गच्च झाडी. हा रस्ताच मला आतल्या सफारीपेक्षा जास्त आवडतो. गाडी रुंद जागा बघून बाजूला लावा, वळणावर लावू नका, फोंड्याकडनं ट्रक येत असतात.

तिथं तुम्हाला सगळ्यात आधी भेटेल तो तुरेवाला सर्पगरुड, आणि तो बऱ्याचदा दिसायच्या आधी ऐकू येतो. आमच्या दुसऱ्या ट्रिपला बरोबर राधानगरीचे एक गाईडमामा होते, ते म्हणाले, "गाडी बंद करा, बोलणं बंद करा, आणि कान लावा." दोन मिनिटं काहीच नाही, मग लांबनं कुणीतरी शिट्टी घातल्यासारखा आवाज, दोन-तीन छोट्या शिट्ट्या आणि शेवटची लांबलेली. माझ्या मुलीला वाटलं खाली कुणी गुराखी आहे. मामांनी नुसतं वर बोट केलं. तर तो अगदी डोक्यावर, रुंद पंख जरासे वर उचललेले, आणि पंखांच्या मागच्या कडेला आतनं एक ठसठशीत पांढरा पट्टा, शेपटीला पण तसाच पांढरा पट्टा. हा पट्टा पोरांना आधी चित्रात दाखवून ठेवा. एवढं एक पाठ असलं तरी सर्पगरुड चुकत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, भृंगराज नावाचा काळा पक्षी आहे ज्याच्या शेपटीला दोन लांब तारा असतात, तो शिकारी पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळं शिट्टी झाडीच्या आतनं अगदी जवळनं आली तर आधी त्याला शोधा.

त्याच दिवशी परत येताना जे दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. रस्त्याला लागून एक वाळकं झाड होतं आणि त्याच्या आडव्या फांदीवर, आमच्यापासनं वीस-पंचवीस पावलांवर, सर्पगरुड बसला होता. गडद तपकिरी अंग, पोटावर पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे, डोळ्यापासनं चोचीपर्यंत हळद लावल्यासारखी पिवळी कातडी, पाय पिवळे आणि उघडे, त्यावर पिसं नाहीत. आणि चोचीतनं एका बारीक सापाची शेपटी लोंबत होती, अजून वळवळत होती. आम्ही काच खाली केली तशी त्यानं मान वळवून बघितलं आणि मानेवरचा काळा-पांढरा तुरा पंख्यासारखा उघडला. मग दोन झटके देऊन उरलेली शेपटी गिळली, चोच फांदीला इकडनं एकदा तिकडनं एकदा पुसली, आणि बसूनच राहिला. मुलगी माझा हात धरून होती, तिची नखं रुतली तरी मी हात काढला नाही. गाडीतनं कुणी उतरलं नाही हे फार बरं झालं. गाडीला हे पक्षी तेवढे घाबरत नाहीत, माणूस उतरला की मात्र लगेच उडतात.

दुसरा पक्षी म्हणजे काळा गरुड. हा दिसला तर नशीबच समजा, पण दाजीपूर, गगनबावडा, आंबोली या पट्ट्यात तो आहे. त्याला आकाशात शोधू नका, खाली शोधा. तो दरीतल्या झाडांच्या शेंड्यांना घासून चालल्यासारखा इतका हळू तरंगतो की हा खाली पडत कसा नाही असं वाटतं. अख्खा काळा, पाय आणि चोचीचं मूळ तेवढं पिवळं, पंख अंगाजवळ निमुळते आणि पुढं रुंद, टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली. एवढं हळू उडण्याचं कारण म्हणजे तो झाडांच्या शेंड्यांतली दुसऱ्या पक्ष्यांची घरटी हुडकत असतो, अंडी-पिल्लं हे त्याचं मोठं खाणं. म्हणून कड्यावरनं खाली बघायची जागा याच्यासाठी बेस्ट. तुमच्याकडं एकच दिवस असला तर गगनबावड्याला जावा, पंचावन्न-साठ किलोमीटर, करूळ आणि भुईबावडा दोन्ही घाट तिथनं उतरतात आणि दरी समोर उघडी असते. आंबोलीला कावळेसादला पण असंच, फक्त तिथं सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि गाण्यांचा आवाज फार असतो, मंगळवार-बुधवार जमलं तर बघा.

तिसरा मोरघार. नाव घार असलं तरी हा गरुडच आहे, डोक्यावर लांब शेंडी, आणि पायावर पार बोटांपर्यंत पिसं, विजार घातल्यासारखी. हा झाडाच्या आत सावलीला बसतो म्हणून नवख्याला सापडत नाही. त्याला शोधायचं काम कोतवाल, बुलबुल आणि शेकरूवर सोडा. सगळे मिळून एकाच झाडाकडं तोंड करून कालवा करायला लागले की त्या झाडात काहीतरी आहे म्हणून समजा.

घार आणि गरुड यातला फरक जायच्या आधी पोरांना शिकवा ही माझी हात जोडून विनंती, नाहीतर ट्रिपभर प्रत्येक घारीला गरुड म्हणत बसाल. रंकाळ्यावर एक संध्याकाळ काढा, तिथं घारी कायम असतात. उडताना घारीची शेपटी मधे खाच पडल्यासारखी दिसते आणि ती शेपटी सारखी इकडं-तिकडं पिळत असते. तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार, तिची शेपटी गोल. पन्हाळ्याला तीन दरवाज्याच्या बाजूला तटावर उभं राहिलं तर घारी तुमच्या डोळ्यांच्या लेव्हलला, कधी कधी तर पायाखालनं उडतात, पाठ आणि शेपटी नीट बघायला याच्यापेक्षा सोपी जागा नाही.

आता मालवण. तिथं बघायचा तो समुद्र गरुड, पांढऱ्या पोटाचा. डोकं आणि पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी, आणि पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास भरतात. मासे आणि समुद्री साप खातो. आम्हाला देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी बोटीतनं दिसला होता, नाववाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की डॉल्फिन नाही दिसले तरी चालतील, गरुड दिसला तर इंजिन बंद करा. जेटीवर मासळीच्या लिलावाला ज्या डझनानं फिरतात त्या ब्राह्मणी घारी, त्यात गल्लत करू नका. समुद्र गरुडाची जोडी वर्षानुवर्षं एकच घरटं वापरते, उंच सुरूवर किंवा आंब्यावर काटक्यांचा मोठा भारा रचल्यासारखं असतं ते, आणि तुम्ही जाताय तो घरट्याचाच सीझन आहे. कुणी घरट्याखाली नेतो म्हणालं तर नको म्हणा. माणसं खाली उभी राहिली की आईबाप घरट्यावर उतरत नाहीत, पिल्लू उन्हात तसंच पडून राहतं आणि कावळे टपून असतातच. मोबाईलवर आवाज वाजवून बोलवायचा प्रकार पण करू नका, कुणी करत असेल तर सरळ थांबवा.

दुर्बीण 8×42 ची घ्या (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिलिमीटरची), पोरांसाठी 8×32 हलकी पडते. चष्मा असलेल्या मुलाला डोळ्याकडचे रबरी कप खाली करून द्या नाहीतर त्याला मधे नुसता छोटासा गोल दिसतो, कडेला सगळं काळं आणि बिचारं दिसतंय दिसतंय म्हणत राहतं. विकत घ्यायची नसली तर गाईडकडं असते का विचारा. आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची, हे घरी गच्चीवर दोन दिवस करून घ्या.

अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, डिसेंबरला उघडं असतं, पण सुट्टीत राहायची सोय आणि सफारीची गाडी दोन्हीसाठी आधीच बुकिंग करून ठेवा. गाईड गावातलाच घ्या. मुक्काम दाजीपूरला असेल तर दुपारी जेवून झोपू नका, कारण चारनंतर हवा गार व्हायला लागते आणि गरुड परत खाली येऊन फांदीवर बसतात. त्या टाईमला तलावाच्या कडेच्या रस्त्यानं गाडी वीसच्या स्पीडनं, काच खाली करून, पाण्याकडची वाळकी झाडं एक एक बघत चला. आमचा तो सर्पगरुड साडेचारलाच दिसला होता.