‘प्रादेशिक निवडकता’ की आणखी काही?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीत. अल्कीनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या) धड्यातल्या ‘रिजिओसिलेक्टिव्हिटी’ला कुणीतरी ‘प्रादेशिक निवडकता’ हा शब्द दिला. तो बरोबर का?

ताई, शब्दाला शब्द ठेवलाय खरा, पण कानाला भलतंच ऐकू येतं. ‘प्रादेशिक’ म्हटलं की आम्हा सीमाभागातल्यांना १९५६ची राज्यपुनर्रचना आठवते, नाहीतर आरटीओ. इथे मामला एकाच रेणूतल्या दोन शेजारी कार्बनांचा आहे: अभिक्रियेत नवा अणू त्यांतल्या कुणावर बसणं जास्त पसंत करतो, एवढाच.

प्रोपीन घ्या. दुहेरी बंधातल्या टोकाच्या कार्बनवर दोन हायड्रोजन, मधल्यावर एक. त्यात हायड्रोजन ब्रोमाइड मिळवलं की हायड्रोजन बहुतेक टोकाला बसतो आणि ब्रोमीन मध्ये. तयार होतं २-ब्रोमोप्रोपेन. हाच मार्कोव्हनिकॉव्हचा नियम: ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, तिथेच नवा हायड्रोजन जातो. ‘पैशाकडे पैसा जातो’ म्हटलं की पोरांच्या डोक्यात पक्का बसतो. कारण मात्र वेगळं: हायड्रोजन टोकाला गेला की धनभार मधल्या कार्बनवर येतो आणि दोन्ही बाजूंच्या मिथिल गटांच्या आधाराने तिथे जास्त स्थिर राहतो. आता त्यातच पेरॉक्साइड घाला. ब्रोमीनच आधी टोक गाठतो आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळतं. जागा त्याच दोन, पसंती फिरली.

म्हणून मला ‘स्थानपसंती’ आवडतो. ‘निवडकता’ नको, कारण मराठीत ‘निवडक’ म्हणजे निवडून काढलेलं: निवडक कविता, निवडक आंबे. निवड करणाऱ्याला आपण चोखंदळ म्हणतो. ‘स्थानचोखंदळ अभिक्रिया’ अर्थाने चोख, पण वर्गात हशा पिकेल. ‘स्थाननिष्ठ’ही सुचेल, पण निष्ठा म्हटली की दुसरीकडे बघायचंच नाही, आणि इथे थोडंफार दुसरं उत्पादनही निघू शकतं. पसंतीत तेवढी सवड आहे.

मूळ शब्द तसा तरुणच, हॅसनर या रसायनशास्त्रज्ञांनी १९६८ साली सुचवलेला. लॅटिन ‘रेजिओ’चा त्यांनी धरलेला अर्थ ‘दिशा’. म्हणजे ‘प्रदेश’ तिथेही नव्हताच.

मुलाने वहीत ‘स्थानपसंती’ लिहावं, पेपरात इंग्रजी शब्द, स्पेलिंगसकट. फक्त एथीनला तो लावू नये म्हणावं. तिथे दोन्ही कार्बन सारखेच, पसंत कुणाला करणार?